शाळेची कार्यप्रणाली शाळेनेंच बांधावी काय?

ज्या वस्तूवांचून आपला एक दिवसहि जात नाहीं, ती आंतून कशी आहे हें जाणण्याची इच्छा मनुष्याच्या ठायीं स्वाभाविक असली पाहिजे. परंतु संगणकाच्या बाबतींत ती आमच्यांत फारशी आढळत नाहीं. आमचीं मुलें संगणक चालवितात, त्यावर चित्रें काढतात, प्रकल्प लिहितात, परीक्षेचे अर्ज भरतात. परंतु बटण दाबल्यावर आंत काय जागें होतें, आणि कोणाच्या आज्ञेनें पडद्यावर अक्षर उमटतें, असें विचारलें तर बहुधा उत्तर मिळत नाहीं. पालकांसहि त्याची खंत वाटत नाहीं. यंत्र चालतें तोंपर्यंत चालवावें, अडलें कीं नवें घ्यावें, अशी एक समजूत होऊन बसली आहे. ही समजूत खर्चाची तर आहेच. पण शिक्षणाच्या दृष्टीनें ती त्याहून हानिकारक आहे, असें आमचें नम्र मत आहे. त्या मताचीं कारणें आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें व पालकवर्गापुढें मांडूं इच्छितों.

प्रथम शब्दांचा खुलासा करूं. संगणक चालू होतांच जी मूळ व्यवस्था त्याचा ताबा घेते, तिला कार्यप्रणाली म्हणतात. विंडोज ही एक कार्यप्रणाली. लिनक्सच्या आधारानें उभ्या राहिलेल्या डेबियन व उबंटू ह्या दुसऱ्या. ह्या व्यवस्थेच्या अगदीं आंत जो भाग असतो, त्यास इंग्रजींत कर्नल म्हणतात. लष्करांतील कर्नलाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. आंब्याचा बाठा फोडला असतां आंत जो गर सांपडतो, तशा गराचें हें इंग्रजी नांव आहे. मराठींत आपण त्यास गाभा म्हणूं. मेमरीची वाटणी करणें, कोणत्या कामास प्रोसेसरचा किती वेळ द्यावयाचा तें ठरविणें, आणि हार्ड डिस्क, कीबोर्ड, पडदा, प्रिंटर ह्यांच्याशीं बोलणें, हीं गाभ्याचीं मुख्य कामें. ज्या उपकरणाची ओळख गाभ्यास नाहीं, तें जोडलेलें असून नसल्यासारखेंच होय.

हा विषय आजच कां काढावा, असें कोणी विचारील. त्याचें कारण असें. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें विंडोज १० ह्या प्रणालीची नेहमीची विनामूल्य दुरुस्ती ता. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविली. पुढची विंडोज ११ ही प्रणाली टीपीएम २.० नांवाची सुरक्षेची सोय आणि ठराविक नवे प्रोसेसर मागते. जीं यंत्रें ही अट पुरवूं शकत नाहींत, तीं सुस्थितींत असूनहि बाद ठरतात. आतां लांज्यासारख्या तालुक्याच्या गांवीं शाळेच्या संगणकखोलींत यंत्रें येतात कशीं, हें पालकांस सांगावयास नको. कांहीं माजी विद्यार्थ्यांच्या देणगींतून येतात, कांहीं मुंबईकर चाकरमान्यांच्या मदतींतून, कांहीं पालकांच्या वर्गणींतून. ज्या यंत्राचा पडदा उजळतो, ज्याच्या कळा उमटतात, तें केवळ एका दूरच्या कंपनीनें तारीख ठरविली म्हणून अडगळींत टाकावयाचें काय? चार कौलें फुटलीं म्हणून आपण घर मोडीत नाहीं. दुरुस्ती थांबलेली प्रणाली इंटरनेटवर तशीच वापरीत राहणें हेंहि शहाणपणाचें नव्हे. तिच्यांतील दोष चोरांस ठाऊक होतात आणि ते बुजविणारा कोणी राहत नाहीं. तेव्हां तिसरा मार्ग शोधणें भाग आहे.

तो मार्ग म्हणजे मुक्त कार्यप्रणालीचा. परंतु डेबियनची एक चकती आणून यंत्रांत घातली कीं सर्व अडचणी फिटल्या, असेंहि नाहीं. ता. ९ ऑगस्ट २०२५ रोजीं प्रसिद्ध झालेल्या डेबियन १३ ह्या आवृत्तींत जुन्या ३२ बिटी यंत्रांसाठीं तयार गाभा देणें बंद झालें, आणि त्यांवर प्रणाली बसविण्याची सोयहि काढून टाकण्यांत आली. खुद्द लिनक्सच्या गाभ्यांतून जुन्या ३८६ प्रोसेसरची सोय २०१३ सालीं, ३.८ ह्या आवृत्तींत गेली. म्हणजे जुन्यास निरोप देण्याची रीत येथेंहि आहेच. मात्र भेद असा कीं, येथें निरोप मिळालेल्याच्या हातीं कांहीं तरी उरतें. ३२ बिटी यंत्रें चालविणारा मजकूर मूळ लिनक्समध्यें अद्याप आहे, आणि तो कोणालाहि घेतां येतो. ज्यास गरज असेल त्यानें एक तर ती सोय अजून ठेवणारी दुसरी प्रणाली शोधावी, नाहीं तर आपल्या यंत्रापुरता गाभा स्वतः बांधावा. विंडोजच्या बाबतींत हा दुसरा पर्याय कोणासच नाहीं.

हें स्वातंत्र्य कोठून आलें, तें थोडक्यांत सांगतों. रिचर्ड स्टॉलमन ह्या अमेरिकन गृहस्थांनीं १९८३ सालीं जीएनयू ह्या मुक्त प्रणालीचा संकल्प जाहीर केला. १९९१ सालच्या ऑगस्ट महिन्यांत फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या लायनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्यानें, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, आपण छंद म्हणून एक लहानशी प्रणाली लिहीत असल्याचें कळविलें. तोच लिनक्स. १९९२ सालीं त्यानें तो जीपीएल ह्या परवान्याखालीं खुला केला, आणि १९९३ सालीं इयान मर्डॉक ह्यानें त्यावर डेबियनचा पाया घातला. त्याच वर्षीं, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेंतील कामावर आधारलेली फ्रीबीएसडी ही दुसरी मुक्त प्रणाली प्रसिद्ध झाली. तींत गाभा व त्याच्या भोंवतालची मूळ व्यवस्था एकाच ठिकाणीं, एकाच मांडणींत ठेविली जाते. तेथें ‘जेनेरिक’ नांवाची गाभ्याची एक सर्वसाधारण यादी दिलेली असते. तिची नक्कल करून तिला आपलें नांव द्यावयाचें, नको तें खोडावयाचें, हवें तें लिहावयाचें, आणि त्या यादीवरून सबंध आवृत्ति बांधावयाची, अशी तेथील रीत आहे.

आतां लिनक्सचा गाभा बांधतात कसा तें पाहूं. त्याचा सोर्स कोड, म्हणजे मनुष्यास वाचतां येईल असा मूळ मजकूर, सर्वांस विनामूल्य मिळतो. तो आज तीन कोटी ओळींहून मोठा आहे. पण भिण्याचें कारण नाहीं, कारण तो सबंध वाचावयाचा नसतो, त्यांतून निवड करावयाची असते. निवडीचे प्रश्न दहा हजारांहून अधिक आहेत आणि बहुतेकांस तीनच उत्तरें संभवतात. हा भाग गाभ्यांत कायमचा बसवावा, किंवा लागेल तेव्हां जोडण्यासाठीं सुटा मॉड्यूल म्हणून ठेवावा, किंवा वगळावा. एवढ्या प्रश्नांस एकेक करून उत्तरें देण्याची गरज नसते. चालू यंत्राची यादी घेऊन तिच्यांत फेरफार करतां येतात. ‘मेक लोकलमॉडकॉन्फिग’ ही आज्ञा दिली कीं, त्या क्षणीं यंत्रांत जे मॉड्यूल चालू असतील तेवढे ठेवून बाकीचे वगळले जातात. येथेंच नवशिके हमखास फसतात. त्या वेळीं प्रिंटर जोडलेला नसेल, पेनड्राइव्ह लावलेला नसेल, तर त्यांचे ड्रायव्हरहि वगळले जातात. आणि मग नवा गाभा प्रिंटराकडे परक्यासारखा पाहतो. हार्ड डिस्कचा ड्रायव्हरच राहून गेला, तर मूळ विभाग सांपडत नाहीं असें सांगून यंत्र जागच्या जागीं थांबतें. म्हणून पहिला नियम असा कीं, जुना चालता गाभा पुसूं नये. यंत्र सुरू होतांना जी ग्रब नांवाची यादी दिसते, तींत तो नव्याच्या खालीं उभा असावा. नवी होडी पाण्यांत उतरली म्हणून जुनी कोणी फोडीत नाहीं.

निवड झाली कीं बांधणीची आज्ञा द्यावयाची. जुन्या यंत्रावर हें काम कित्येक तास चालतें, म्हणून शाळेंतील त्यांतल्या त्यांत नव्या यंत्रावर तें करावें. पावसाळ्यांत मध्येंच वीज गेली तरी घाबरूं नये. ‘मेक’ ही बांधणीची व्यवस्था पुन्हां सुरू केली असतां झालेलें काम बहुतांशीं परत करीत नाहीं, राहिलें तेवढेंच पुरें करते. ‘मेक बाइंडेब-पीकेजी’ ह्या आज्ञेनें डेबियनवर बसविण्याजोगीं पॅकेजें मिळतात. एवढ्यानें गाभा झाला. पण आवृत्ति झाली नाहीं. आवृत्ति म्हणजे गाभा, त्यावरील प्रणाली, शाळेस लागणारे प्रोग्राम आणि यंत्रावर हें सर्व बसविण्याची सोय, असा बांधलेला संच. डेबियनचें ‘लाइव्ह-बिल्ड’ हें साधन आपलीं पॅकेजें घेऊन असा संच एका आयएसओ फाइलींत जोडून देतें. ती पेनड्राइव्हवर उतरवून शाळेंतील सर्वांत कुरकुऱ्या यंत्रावर प्रथम चालवून पाहावी. तेथें चालली तर इतरत्र चालण्याची आशा अधिक. मग तिला क्रमांक द्यावा, काय बदललें तें लिहावें, आणि फाइल वाटेंत बिघडली नाहीं हें ताडून पाहतां यावें म्हणून तिचा शा-२५६ अंक सोबत द्यावा.

कोंकणांतील वाचकांस ह्याचें मर्म कोयकलमाच्या दाखल्यानें लवकर कळेल. रायवळ आंब्याची कोय रुजवावयाची, आणि त्या कोवळ्या रोपावर हापुसाची काडी बांधावयाची. मूळ येथल्या मातीस धरून राहतें, फळ आपल्या पसंतीचें मिळतें. खास गाभ्याच्या आवृत्तीचें तत्त्व हेंच आहे. गाभा यंत्रास जुळता घ्यावा, वरची सामग्री शाळेच्या गरजेची घ्यावी. मात्र ज्या झाडास मुळांतच चांगलें फळ येतें, त्यावर उगाच कलम करीत बसूं नये. बहुतेक यंत्रांवर डेबियनचा तयार गाभा उत्तम चालतो, कारण त्यांत हजारों ड्रायव्हर सुटे ठेवलेले असतात आणि लागतील तेवढेच घेतले जातात. गाभा स्वतः बांधण्यानें यंत्र एकाएकी धांवूं लागेल, ही अपेक्षा बहुधा फोल ठरते. मेमरी फार थोडी असेल, एखादें उपकरण ओळखलें जात नसेल, किंवा त्या जातीच्या यंत्रासाठीं तयार गाभाच मिळत नसेल, तर ही खटपट सार्थ होते. आणखी एका कारणानेंहि ती सार्थ होते. तें म्हणजे शिक्षण.

येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. गाभा आपला बांधला म्हणजे संगणक मराठी बोलूं लागतो, असें नाहीं. गाभ्यास मराठी वा इंग्रजीचें सोयरसुतक नाहीं. मराठी येते ती वरच्या थरांत. अक्षरांचे क्रमांक युनिकोडनें ठरविले. कळांची मांडणी इनस्क्रिप्टनें ठरविली. जोडाक्षरें नीट जुळविण्याचें काम वेगळे प्रोग्राम करतात. आणि ल व श हीं अक्षरें मराठी वळणाचीं दिसावीं कीं हिंदी वळणाचीं, हें फाँटवर अवलंबून असतें. आवृत्ति बांधणाऱ्यानें हें सर्व पाहून घ्यावयाचें असतें. यंत्र सुरू होतांच सूचना मराठींत दिसाव्या, आणि पांचवीच्या मुलास आपलें नांव कोणास न विचारतां देवनागरींत लिहितां यावें, एवढी सोय ज्या आवृत्तींत नाहीं, ती आमच्या शाळांसाठीं अपुरीच समजावी.

आपल्या देशांत अशा कामाचीं उदाहरणें आहेत. १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था निघाली, तेव्हां अमेरिकेकडून हवा तो महासंगणक मिळत नव्हता. डॉ. विजय भटकर ह्यांच्या नेतृत्वाखालीं १९९१ सालीं तेथें ‘परम ८०००’ सिद्ध झाला. त्यांतील प्रोसेसर ब्रिटिश इनमॉस कंपनीचे होते. पण त्यांस एकजुटीनें कामास लावणारी रचना येथील होती. प्रत्येक खिळा स्वतःच घडविला पाहिजे, असा स्वावलंबनाचा अर्थ नाहीं. जोडणीची विद्या आपल्यापाशीं असली म्हणजे झालें. ह्याच सी-डॅकनें २००७ सालीं डेबियनच्या पायावर ‘बॉस’ ही कार्यप्रणाली प्रसिद्ध केली; तींत मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे, आणि शाळांसाठीं ‘एज्युबॉस’ असा तिचा वेगळा अवतारहि काढण्यांत आला. केरळांत २००१ सालीं सुरू झालेल्या ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पानें तर शाळांसाठींच मुक्त कार्यप्रणालीच्या आवृत्त्या काढल्या. २०१७ पासून तें काम ‘काइट’ ही सरकारी कंपनी पाहते. तेथें शिक्षकांस शिकविलें, पाठ्यपुस्तकें त्याच प्रणालीस धरून लिहिलीं, आणि वेळोवेळीं नवी आवृत्ति दिली. म्हणूनच ती प्रणाली कपाटांत पडून न राहतां वर्गांत चालली. आम्हांस ह्यांतून घ्यावयाचा धडा हा कीं, चकती वाटणें सोपें असतें. तिच्यामागें माणसें उभीं करणें कठीण, आणि महत्त्वाचें तेंच.

ह्यावर पालक जे आक्षेप घेतील ते आम्हांस ठाऊक आहेत. पहिला असा कीं, कचेऱ्यांतून विंडोज चालतें. मुलास नोकरी मिळावयाची तर तेंच शिकवावें. विंडोज शिकवूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु ज्या फोनवर पालक हा आक्षेप एकमेकांस कळवितील, तो अँड्रॉइड असेल तर त्याचा गाभा लिनक्सचाच आहे. जगांतील सर्वांत वेगवान पांचशें महासंगणकांची जी यादी निघते, तींतील प्रत्येक यंत्र नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवरच चालत आलें आहे. ज्यास एका प्रणालीचें अंतरंग कळलें, त्यास दुसरीचीं बटणें शिकावयास फार दिवस लागत नाहींत.

दुसरा आक्षेप असा कीं, हें इंजिनियरांचें काम, शाळकरी पोरांचें नव्हे. परंतु आपल्या यंत्रांत कोणता प्रोसेसर आहे, मेमरी किती, ध्वनीचा भाग कोणत्या कंपनीचा, हें शोधून वहींत लिहिणें नववीच्या मुलास अशक्य नाहीं. आणि गाभ्याच्या निवडींतील अर्धें काम तेवढेंच आहे. चुकेल, यंत्र अडेल, पुन्हां करील. जुना गाभा शाबूत आहे तोंवर त्या चुकीस कांहीं किंमत पडत नाहीं. ज्या चुकीनें नुकसान होत नाहीं आणि ज्ञान मिळतें, अशी चूक करूं देणारी प्रयोगशाळा स्वस्तांत दुसरी मिळणार नाहीं.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे, आणि त्यापुढें आम्ही मान लववितों. बांधलेंत खरें, पण राखणार कोण? गाभ्यांत नवे दोष सांपडत राहतात आणि मूळ मंडळी सुधारलेल्या आवृत्त्या वारंवार काढतात. डेबियनचा तयार गाभा वापरणारास त्या आपोआप मिळतात. स्वतः बांधणारास प्रत्येक वेळीं पुन्हां बांधावें लागतें. जांभ्याच्या चिऱ्याचें जोतें कितीहि भक्कम असो, मृगापूर्वीं शाकारणी चुकली तर घर गळतेंच. जो हें व्रत घेऊं शकत नाहीं, त्यानें शिकण्यापुरता गाभा एका यंत्रावर बांधावा, पण ती आवृत्ति दुसऱ्यांच्या यंत्रांवर बसवूं नये. आवृत्ति देणें म्हणजे वचन देणें होय. शिवाय जीपीएल परवान्याप्रमाणें, जो ती दुसऱ्यास देतो त्यावर तिचा सोर्स कोडहि देण्याची जबाबदारी येते. जें आपणांस खुलें मिळालें, तें पुढें खुलेंच द्यावयाचें.

पण हें वचन पाळण्यास शाळेइतकी योग्य संस्था दुसरी क्वचित् सांपडेल. एकट्या हौशी माणसाचें काम तो परगांवीं गेला कीं बंद पडतें. शाळेंत मात्र दर वर्षीं दहावीचीं मुलें जातात आणि नववीचीं त्यांच्या जागीं येतात. जाणाऱ्यांनीं येणाऱ्यांस शिकवून जावें, एवढी एक रीत पडली तर राखणदार कधीं संपणार नाहींत.

म्हणून आमची सूचना अशी. प्रत्येक शाळेनें आपल्या अडगळींतील एक यंत्र ह्या कामास राखून ठेवावें. पहिलें वर्ष केवळ त्या एका यंत्राचा गाभा बांधण्यांत घालवावें. एक जाड वही करावी, आणि कोणतें उत्तर कां निवडलें, कोठें अडलें, कसें सुटलें, हें तींत तारीखवार मराठींत लिहावें. कारण पुढच्या वर्गास आवृत्तीहून ही वहीच अधिक उपयोगी पडेल. दुसऱ्या वर्षीं, वही व माणसें दोन्हीं तयार असतील तर, शाळेपुरती आवृत्ति काढावी. ती जूनमध्यें शाळा उघडण्यापूर्वीं सिद्ध असावी, आणि पुढें दर महिन्याच्या एका ठरलेल्या दिवशीं सुधारणा पाहून गाभा नव्यानें बांधावा. तालुक्यांतील इतर शाळांनीं मागितली तर वहीसह द्यावी.

पालकांस आमची विनंति इतकीच आहे कीं, पुढील पालकसभेंत नव्या यंत्रांसाठीं वर्गणीचा ठराव आला, तर पैसे देण्यापूर्वीं एक प्रश्न विचारावा: जुनीं यंत्रें बंद पडलीं आहेत, कीं त्यांची प्रणाली बंद पडली आहे? पहिलें खरें असेल तर वर्गणी अवश्य द्यावी. दुसरें खरें असेल, तर त्यांतलें एक यंत्र मुलांच्या स्वाधीन करावें, आणि वर्षभरानें त्यांची वही पाहावयास मागावी.